‘सिंगल ओनर, वेल मेन्टेन्ड’ आणि बाकीचं सगळं

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. ‘मामा, तू पेपरात लिहितोस ना? मग मला चार ओळी लिहून दे. गाडी काढायचीये.’

चार ओळी म्हणजे जुन्या गाडीची जाहिरात. मी म्हटलं, त्यात काय लिहायचं? मॉडेल, साल, किती किलोमीटर पळाली, टायर कसे आहेत, इन्शुरन्स कधीपर्यंत. तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘तेच तर. बाकीचं किती लिहायचं, ते सांग.’

हे ‘बाकीचं’ मला थोडंफार माहीत होतं. गाडी २०१७ची, युरोपीय बनावटीची टर्बो पेट्रोल सेडान. कंपनीतून निघाली तेव्हा १८० हॉर्सपॉवरची. सध्या, एका गॅरेजच्या डायनोवर मोजल्याप्रमाणे, २६०. मधल्या ८० हॉर्सपॉवर भाच्याने सहा वर्षांत, पगारातून आणि एकदा बायकोच्या नकळत, विकत घेतल्या. ईसीयूचा रिमॅप, मोठा इंटरकूलर, मोकळा एअर फिल्टर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेला डाउनपाइप, स्टीलचा एक्झॉस्ट, दोन इंचांनी खाली बसवलेलं सस्पेन्शन, रुंद चाकं, पुढच्या दोन बकेट सीट, छोटं स्टिअरिंग. आता घरात सात महिन्यांचा मुलगा आहे. बकेट सीटवरून उतरताना सुनेची कंबर धरते. मागे बाळाची सीट बसवली की खाली केलेली गाडी सोसायटीच्या स्पीडब्रेकरला घासते. शिवाय गाडी गेटातून आत आली की तिसऱ्या मजल्यावरचं बाळ जागं होतं. गाडी काढायचीच होती.

मी जाहिरात लिहून दिली नाही, निदान लगेच नाही. आधी शनिवारी जाऊन गाडी पाहिली. तीस वर्षं मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकवल्यामुळे मला गाडीपेक्षा तिच्या खाली काय आहे ते बघायची खोड आहे. हा विषय आरोग्य आणि विज्ञानाच्या सदरात कशाला, असं काही वाचकांना वाटेल. माझं म्हणणं, तो इथलाच आहे. जुना फ्रिज विकला आणि तो बिघडलेला निघाला, तर दूध नासतं. ही गाडी ज्याला विकली जाईल तो, त्याच्या शेजारी बसणारा आणि त्याच्या समोरून रस्ता ओलांडणारा, या तिघांच्या शरीराचा प्रश्न त्या चार ओळींत आहे.

सुरुवात किमतीपासून करू, कारण भाच्याची सुरुवात तिथूनच होती. त्याने बदलांवर साडेसहा लाख घातले होते आणि बाजारभावावर निदान तीन तरी वर मिळावेत अशी त्याची अपेक्षा होती. एजंटने उलट बाजारभावापेक्षा ऐंशी हजार कमी सांगितले. भाच्याला हा अपमान वाटला. मला त्यात १९९० मधला एक प्रसिद्ध प्रयोग दिसला. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी वर्गातल्या निम्म्या मुलांना कॉफीचे मग वाटले आणि मग विकायला-विकत घ्यायला सांगितलं. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी मागितलेली किंमत ही विकत घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. मग तोच, मिळून काही मिनिटंच झालेली. तो स्वतः घडवलेला असता तर? स्वतःच्या हाताने जोडलेल्या वस्तूला माणूस जास्त किंमत लावतो, हेही पुढे प्रयोगांतून दिसलं आहे. भाच्याने सहा वर्षं रविवार घालवून जोडलेली गाडी आहे ती. त्याच्या डोळ्यांना ती २६० हॉर्सपॉवरची दिसते. घेणाऱ्याला ती कुणीतरी उघडून पुन्हा बंद केलेली गाडी दिसते.

आणि घेणाऱ्याचं चुकतंय असं नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. पुढे त्याला नोबेल मिळालं. त्याचा मुद्दा असा, की गाडीत काय दडलंय हे विकणाऱ्याला माहीत असतं आणि घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना वाईट धरून भाव करतो. मग चांगल्या गाडीचा मालक त्या भावाला विकायला तयार होत नाही, बाजारातून बाहेर पडतो, आणि बाजारात वाईट गाड्या उरतात. साध्या गाडीला हे लागू आहे, तर मॉडिफाइड गाडीला ते कितीतरी पटीने लागू आहे. साधी गाडी बिघडली तर ती हजारो जणांच्या बिघडते तशीच बिघडते आणि कुठल्याही मेकॅनिकला ते माहीत असतं. भाच्याची गाडी जगात एकच आहे. तिचं माहितीपुस्तक फक्त त्याच्या डोक्यात आहे.

रिमॅप म्हणजे काय, हे आधी सांगतो. इंजिनात किती हवा घ्यायची, किती पेट्रोल फवारायचं, ठिणगी नेमकी कधी टाकायची, टर्बोने हवा किती दाबायची, याचे आकडे ईसीयूत भरलेले असतात. कंपनी हे आकडे हात राखून भरते. गाडी लेहच्या थंडीत सुरू व्हायला हवी आणि नागपूरच्या मे महिन्यात सिग्नलला उभी राहायला हवी. पेट्रोल कुठल्या पंपावरचं असेल त्याचा भरवसा नाही, मालक ऑइल वेळेवर बदलेल याचा त्याहून नाही. रिमॅप करणारा हा राखलेला हात मोकळा सोडतो. ताकद मिळते ती त्यातून. ती फुकट नसते, कारण राखलेला हात हीच त्या इंजिनाची खरी पुंजी होती. या गाडीचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटर टॉर्कसाठी बनवलेला आहे. रिमॅपनंतर त्याच्यावर किती येतो, हे भाच्याने मला आकड्यात न सांगता नुसतं हसून सांगितलं.

शिवाय हा रिमॅप २०१९ मधला. तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण एक आकडी होतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त फवारावं लागतं. शहरात चालवताना एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर हे सांभाळून घेतो. पण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि वाढवलेल्या ताकदीमुळे इंजेक्टर आधीच हद्दीला टेकलेले असले, तर मिश्रणात इंधन कमी पडतं आणि आतलं तापमान वाढतं. इथेनॉलमुळे नॉकिंग कमी होतं हेही खरं आहे, त्यामुळे सगळं वाईटच घडेल असं नाही. पण २०१९ मधले आकडे आजच्या पेट्रोलला बसतात का, हे कुणीतरी तपासायला हवं होतं. भाच्याने तपासलं नव्हतं. घेणारा तपासणार नाही, कारण असं काही तपासायचं असतं हेच त्याला माहीत नसणार.

आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, पुढे सगळीकडे आला. एक्झॉस्टच्या वाटेत बसवलेला सिरॅमिकचा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा ठोकळा आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ मुलामा. तो तापला की कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड यांतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग निरुपद्रवी करून सोडतो. एवढं काम करणारी, हलणारा एकही भाग नसलेली, वीज न लागणारी वस्तू गाडीत दुसरी नाही. ती काढून टाकतात, कारण तिच्यामुळे धूर बाहेर पडायला थोडा अडथळा होतो. तो अडथळा गेला की टर्बो लवकर फिरतो.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. नायट्रोजनची ऑक्साइड श्वासनलिकेला सूज आणतात आणि उन्हात हायड्रोकार्बनशी मिळून ओझोन तयार करतात. दम्याच्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. एका गाडीने शहराची हवा बिघडत नाही, असं भाचा म्हणाला. शहराची नाही, पण तळघरातल्या पार्किंगची बिघडते. सकाळी थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटं तिथे उभं राहिलं, तर डोळ्यांनाही ते कळतं.

‘पण पीयूसी आहे माझ्याकडे,’ तो म्हणाला. होतं. आणि हीच मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत गाडी जागेवर उभी असताना, इंजिनावर भार नसताना, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइड मोजतच नाहीत, आणि ती तर भार पडल्यावर जास्त निघतात. चांगला ट्यून केलेला, कन्व्हर्टर नसलेला पाइपही कधी कधी या चाळणीतून सुटतो. कन्व्हर्टरच्या मागे एक दुसरा सेन्सर असतो. तो काम होत नाही असं दिसलं की डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लावतो. रिमॅप करणाऱ्याने तो दिवाच सॉफ्टवेअरमधून बंद केला होता. म्हणजे घेणाऱ्याला दिसणार काय? वैध पीयूसी, कोरा डॅशबोर्ड आणि गुळगुळीत इंजिन.

आवाजाबद्दल मी फार बोलू नये असं भाच्याच्या आईचं, म्हणजे माझ्या ताईचं म्हणणं पडलं. कॉलेजात असताना मी स्वतः मोटारसायकलच्या सायलेन्सरची पुंगळी काढून सदाशिव पेठेत फिरलो आहे, हे तिला आठवतं. पाप कबूल. पण त्या वेळी मला डेसिबल म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ही मोजपट्टी सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास काम करणं ही कानाच्या सुरक्षेची हद्द धरतात. दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पोचेपर्यंत १५ मिनिटं उरतात. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. भाचा आता घरात टीव्ही बऱ्याच मोठ्याने लावतो, असं सुनेने सांगितलं. त्याचा गाडीशी संबंध आहे की नाही, ते कान तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. तपासून घे, एवढं सांगितलं.

शेजाऱ्यांचं वेगळंच. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या युरोपसाठीच्या शिफारशीही रात्रीच्या रस्त्यावरच्या आवाजासाठी ४५चाच आकडा देतात. इथे सरासरीपेक्षा अचानक येणारा आवाज जास्त त्रास देतो. झोपलेला माणूस जागा झाला नाही तरी त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब क्षणभर चढतो. सकाळी त्याला काहीच आठवत नाही, फक्त झोप झाली नाही असं वाटतं. गिअर बदलताना एक्झॉस्टमध्ये फटाके वाजावेत म्हणून न जळलेलं पेट्रोल मुद्दाम पाइपात सोडण्याची जी सोय रिमॅपमध्ये करून देतात, ती म्हणजे या त्रासाची खास ऑर्डर देऊन केलेली व्यवस्था आहे. तिच्यामागे एकही अभियांत्रिकी कारण नाही.

एवढं बोलून झाल्यावर आम्ही चक्कर मारायला निघालो. गाडी सुंदर चालते, हे लिहायलाच हवं. भाचा चालवतोही चांगला. पण कात्रजच्या नव्या बोगद्याच्या अलीकडे एका ट्रकमागे ब्रेक दाबताना तो सहज बोलून गेला, ‘पहिला ब्रेक जरा लांब जातो. दोनदा दाबायचा असतो.’ आणि पुढे, ‘पावसात तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा नाही, मागचा भाग हलका पडतो.’ त्याच्या दृष्टीने हे दोष नव्हते. गाडीचा स्वभाव होता. दहा मिनिटांत त्याने असे सहा-सात स्वभाव सांगितले आणि एकही तो जाहिरातीत लिहिणार नव्हता, कारण ते त्याच्या डोक्यात नव्हतेच. ते त्याच्या पायात होते. सायकलचा तोल कसा सांभाळतो हे आपण सांगू शकत नाही, तसंच हे. सहा वर्षं दर थोड्या ताकदीमागे थोडी सवय त्याला लागत गेली. घेणाऱ्याच्या हातात मात्र सगळीच्या सगळी ताकद पहिल्या दिवशी येणार.

ब्रेकचं गणित करून पाहू. साधारण १४०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरने जाताना तिच्यात सुमारे ५४० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. गाडी थांबवायची तर ब्रेकने ती सगळी उष्णतेत बदलायची. एवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचं पावणेदोन लिटर पाणी उकळीला येईल. वेग १४० केला तर पाणी जवळपास साडेतीन लिटर लागेल, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते. ही एका ब्रेकची गोष्ट. घाट उतरताना तो वारंवार लागतो. कोरड्या चांगल्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, समोर काही दिसल्यापासून दीड सेकंदात पाय ब्रेकवर गेला असं धरलं तरी १०० वरून थांबायला साधारण ९० मीटर लागतात आणि १४० वरून १५० मीटरच्या वर. या ६० मीटरचा फरक हॉर्सपॉवरने भरून निघत नाही. भाच्याने इंजिनावर साडेसहा लाखांतला बहुतेक खर्च केला आणि ब्रेकमध्ये फक्त पॅड बदलले. ब्रेक ऑइल कधी बदललं? आठवत नव्हतं. ते हवेतली वाफ शोषून घेतं. ‘डॉट फोर’ दर्जाच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत खाली आला तरी प्रमाणात धरतात. त्याहून जास्त तापलं की नळीत बुडबुडे होतात. बुडबुडा दबतो, द्रव दबत नाही. म्हणून ‘पहिला ब्रेक लांब जातो.’ बुडबुडे आहेत, हवा राहिली आहे की गळती आहे, हे गाडी उचलल्याशिवाय कळणार नव्हतं. पण त्याला स्वभाव म्हणता येणार नाही.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यातल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेगाखाली आहे. यात मॉडिफाइड गाड्या किती, हे त्या आकड्यांवरून कळत नाही आणि मी ते त्यांच्या माथी मारणार नाही. साध्या गाड्या, दुचाकी, ट्रक यांनीच बहुतेक माणसं मारली असणार. पण अशी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाते तेव्हा तो बहुतेकदा पहिल्यापेक्षा तरुण असतो, हे कुठल्याही एजंटला विचारा. नवी परवडत नाही आणि ताकद हवी असते, त्याच वयात ती स्वस्तात मिळते. धोक्याचा अंदाज आणि आवेग यांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो.

आणि एअरबॅग. छोटं स्टिअरिंग लावताना मूळ स्टिअरिंगमधली एअरबॅग गेली. बकेट सीट लावताना सीटच्या कडेतल्या एअरबॅग गेल्या. अशा वेळी डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. तो लागू नये म्हणून एअरबॅगच्या जागी काही रुपयांचा रेझिस्टर जोडतात. गाडीला वाटतं एअरबॅग आहे. माझ्या मते या सगळ्या यादीतला हा एकमेव बदल असा आहे, की तो न सांगता गाडी विकणं याला मी फसवणूक म्हणणार नाही, त्याहून पुढचं काहीतरी म्हणेन.

संध्याकाळी मी जाहिरात लिहिली. काय काय बदललं, कुठल्या साली, कुठला भाग आता नाही, ब्रेक कसा लागतो, रिमॅप कुठल्या पेट्रोलवर केलेला, सगळं. सतरा ओळी झाल्या. भाच्याने वाचली आणि म्हणाला, ‘मामा, ही जाहिरात नाही. कबुलीजबाब आहे.’

तो अक्षरशः खरं बोलत होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. हवा आणि आवाजाचे निकष मोडल्याबद्दल वेगळा दहा हजारांपर्यंतचा दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द. विमा कंपनीला बदल कळवले नसतील तर ती गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारू शकते. म्हणजे जो विकणारा खरं सांगतो तो स्वतःविरुद्ध पुरावा लिहून देतो, आणि जो ‘सिंगल ओनर, वेल मेन्टेन्ड’ एवढंच लिहितो तो सुरक्षित. कायद्याचा हेतू चांगला आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण त्याची रचना अशी झाली आहे की बदल थांबत नाहीत, फक्त लपतात.

जर्मनीत लोक गाड्या आपल्यापेक्षा जास्त बदलतात. तिथे बदल केल्यावर गाडी मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी लागते. तो पास झाला तर गाडीच्या कागदावर त्याची नोंद होते. चाकं अमुक मापाची, सस्पेन्शन इतकं खाली. नोंद नसलेला बदल म्हणजे रस्त्यावर चालवायची परवानगीच धोक्यात. तिसऱ्या मालकाला कागद उघडला की गाडीचा इतिहास समजतो. आपल्याकडे सीएनजी किटसाठी हे आधीपासून आहे, आरसीवर नोंद होते. चाकं, सस्पेन्शन, ब्रेक यांसाठी असा दरवाजा का नको? कन्व्हर्टर आणि एअरबॅग काढण्यासाठी मात्र कुठलाच दरवाजा नको, ते सरळ बंद. रस्त्यावर रांगेत मांडलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो छान येतात. पण कन्व्हर्टर नसलेले पाइप बसवून देणारी गॅरेज त्याच शहरात पाटी लावून चालू असतात, आणि त्यांच्या दारात मी अजून रोडरोलर पाहिलेला नाही.

शेवटी आम्ही मधला नाही, लांबचा रस्ता धरला. गाडी होती तशी करायची. मूळ कन्व्हर्टर माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेला सापडला. अनेक जण तो आतल्या प्लॅटिनमच्या भावाने विकून टाकतात, भाच्याने सुदैवाने नव्हता विकला. रिमॅप करणाऱ्याकडे मूळ फाइल होती. मूळ स्टिअरिंग मिळालं. सीट मात्र गच्चीवर ताडपत्रीखाली दोन पावसाळे काढलेल्या. त्यांच्यातल्या भिजलेल्या एअरबॅगचा भरवसा धरायचा नाही, नव्या घ्यायच्या, यावर मी अडून बसलो आणि मामा-भाच्यांत दोन दिवस अबोला झाला. ब्रेकचा मास्टर सिलिंडर आतून गळत होता. सगळं मिळून सव्वा लाख गेले. एजंटने मग बाजारभाव दिला, म्हणजे त्याच्या आधीच्या आकड्यापेक्षा ऐंशी हजार जास्त. भाच्याने हिशेब मांडून मला पंचेचाळीस हजारांचा तोटा दाखवला. मी नाकारला नाही.

गिऱ्हाईक बारामतीकडचं. बावीस वर्षांचा मुलगा आणि त्याचे वडील. वडिलांनी बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं, जणू विहिरीत पाहतायत. मुलाने चक्कर मारली आणि खट्टू होऊन परत आला. ‘दादा, ही तर साधीच पळते.’ भाच्याने त्यांना खर्चाची सगळी बिलं दाखवली, आधी काय होतं आणि आता काय आहे ते सांगितलं. वडील म्हणाले, साधीच बरी. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. मी भाच्याला सांगून ठेवलं होतं की सह्या करून थांबायचं नाही. चौदा दिवसांत आरटीओला स्वतः कळवायचं आणि आरसीवर नाव बदललेलं डोळ्यांनी बघायचं. कारण नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगून ठेवलं आहे. उद्या कुणाला धडक बसली तर भरपाईची नोटीस त्याच नावावर येते.

नाव बदललं. काढलेला पाइप भाच्याने भंगारात दिला, रुंद चाकं मात्र कुणाला तरी विकली.

परवा रात्री त्या मुलाचा भाच्याला फोन आला. ती फाइल अजून आहे का? नसली तरी चालेल, पुण्यात एक जण करून देतो म्हणाला, फक्त विचारून ठेवतोय. भाच्याने फोन होल्डवर ठेवून मला दुसऱ्या फोनवरून विचारलं, ‘मामा, काय सांगू याला?’

मला चटकन उत्तर सुचलं नाही. फाइल देऊ नकोस, एवढं म्हटलं, पण त्याने काय होणार होतं? मग म्हटलं, निदान ब्रेकचं सांग. सुनेने दुसऱ्या दिवशी सांगितलं, तो गॅलरीत उभा राहून पाऊण तास बोलत होता, आणि मधूनमधून उजवा पाय जमिनीवर दाबून दाखवत होता.